भट्टीत ठेवलेल्या स्टीलचं वजन चक्क घटलं, माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला मला बॉयलर ट्यूबच्या स्टीलची ऑक्सिडेशन टेस्ट मिळाली. तीन ग्रेड होते, टी22 म्हणजे क्रोमियम सव्वादोन टक्के, टी91 म्हणजे 9च्या आसपास आणि 347एच म्हणजे साधारण 18. काम वरवर अगदी सोपं, तुकडा कापायचा, घासायचा, वजन करायचं, 650 डिग्रीला ठेवायचा आणि परत वजन करायचं. ऑक्सिजन धरला की वजन वाढतं, जेवढं कमी वाढेल तेवढं स्टील चांगलं.

पहिल्या 100 तासांनी टी91चं वजन घटलेलं!! तराजू बिघडला म्हणून मी दोन दिवस त्याच्याच मागे लागलो आणि निघालं काय, तर तुकडा ज्या अॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणारी सिरॅमिकची वाटी) ठेवून वजन करत होतो, ती मी आधी भाजूनच घेतली नव्हती, तिचंच वजन कमी झालं होतं. मग रिकाम्या क्रुसिबल वजन स्थिर होईपर्यंत भाजत बसलो, आठवडा गेला.

पुढे हवेत टी22वर जाड काळा थर आला, टी91ला मात्र नुसता रंग चढला, मी खूश. सर म्हणाले आता भट्टीत वाफ सोडून बघ. तेच टी91, तेच तापमान आणि बाहेर मॅग्नेटाइट (लोहाचं काळं ऑक्साइड), आत लोह-क्रोमियमचा स्पिनेल (दोन्हींचं मिश्र ऑक्साइड) असा जाडजूड डबल थर! हवेत 9 टक्के पुरतात, वाफेत स्टीलला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा सलग थर टिकवायला ते कमी पडतात.

347एचला काही होणार नाही असं धरूनच चाललो होतो. घासलेल्या बाजूला खरंच पातळ थर होता, कारण घासल्यामुळे वरचं मेटल दबतं आणि क्रोमियमला वर यायला वाटा मिळतात (ट्यूबला आतून शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा, करतात ते यासाठीच). पण ट्यूबची आतली बाजू मी मुद्दाम न घासता ठेवली होती, तिथला थर थंड होताना टिक टिक करत उडाला. 347एचसारखं ऑस्टेनिटिक (क्रोमियम-निकेलवालं) स्टील थंड होताना त्याच्या ऑक्साइडपेक्षा बरंच जास्त आकसतं, मग थर सुटतो. माझी क्रुसिबल उघडी, पापुद्रे बाहेर विटांवर पडलेले आणि वहीत मी लिहिलंय काय तर "वाढ नगण्य". खऱ्या बॉयलरमध्ये असेच पापुद्रे बंद-चालू करताना ट्यूबच्या बेंडमध्ये साचतात, वाफ अडते, ट्यूब तापून फुटते.

ती ओळ खोडली. आता भट्टीतून काढायच्या आधी क्रुसिबलवर झाकण ठेवतो आणि वहीत दोन रकाने करतो, एक नुसत्या तुकड्याचा, एक पापुद्र्यांसकट.