पाटीवरचा छोटा आकडा

आज अख्खा दिवस वनस्पती उद्यानात गेला, त्यातले दोन तास एकाच कुळापाशी. फॅबेसी, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचं कुळ. गुलमोहर, लाजाळू आणि भुईमूग एकाच कुळातले, हे वाचून माहीत होतं. पण एकाची हातभर लांब शेंग, दुसरीची पेराएवढी काटेरी आणि तिसऱ्याची चक्क मातीखाली वाढणारी, हे एका फेरीत पाहिलं तेव्हा कुठे नातं खरं पटलं.

पाटीवर शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश असतो. कोपऱ्यात एक आकडाही असतो, नोंदणी क्रमांक. त्यावरून ते बी किंवा रोप कुठून आणि कधी आलं, हे उद्यानाच्या दप्तरात सापडतं. साध्या बागेत आणि इथे मला हाच मोठा फरक वाटतो. इटलीतलं पादुआचं उद्यान १५४५ साली सुरू झालं तेही वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून!

शेवटी वृक्षोद्यानात गेले. पाइनच्या गळलेल्या सुया उचलून मोजल्या. एका झाडाखाली तीन-तीनचे जुडगे, पलीकडे पाच-पाचचे. पाइनची जात ओळखायची ही पहिली खूण. दोन्ही जुडगे वहीत ठेवलेत. शंकू येण्याच्या दिवसांत त्याच झाडांकडे परत जाणार आहे.