थंडीतल्या पुण्यात फुलं बघत फिरताना

फुलं बघायला आपण सप्टेंबरात कासला जातो, आणि जायलाच हवं. पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीत घराबाहेर पडून तासभर चाललं तरी जे दिसतं, त्यासाठी ना गाडी लागते ना बुकिंग. लवकर उठावं मात्र लागतं.

मार्गशीर्षात मी प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये उजाडायच्या आत जाते, ती बुचासाठी. झाड दिसायच्या आधी वास येतो. बूच सरळसोट उंच वाढतो, फुलं पार शेंड्याकडे, त्यामुळे कितीही मान वर केली तरी पांढरे ठिपकेच दिसतात. हे झाड बघायचं ते खाली. रात्री निशाचर पतंगांसाठी उमललेली फुलं पहाटेपर्यंत गळतात आणि रस्ताभर सडा पडतो. एक फूल उचलून बघा: बोटभर लांब नाजूक नळी, टोकाला जाडसर पांढऱ्या पाकळ्या, आणि देठाकडून हातात धरलं की सगळं फूल आपसूक झुलायला लागतं.

यंदा रस्ता झाडणाऱ्या मावशींनी कचरा एका बाजूला आणि फुलं दुसऱ्या बाजूला लोटली होती. मी वेचायला वाकले तर म्हणाल्या, "ताई, दोरा आणू नका हं, याला दोरा लागत नाही."

"मावशी, मग दाखवा ना."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. तीन फुलं घेतली, नळ्यांची तिपेडी घातली, आणि प्रत्येक वळणाला एक नवं फूल त्यात अडकवत गेल्या. दोन-तीन मिनिटांत वीतभर वेणी तयार. "आत्ताच माळा, ऊन लागलं की मान टाकतात," म्हणाल्या, आणि दुसरी वेणी स्वतःच्या अंबाड्यात खोचून कामाला लागल्या.

त्याच गल्लीत देवकांचन असतो. तो नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो आणि जानेवारीत त्याच्या जागी रक्तकांचन यायला लागतो. दोघांची पानं आपट्यासारखीच दुभंगलेली, रंगही जवळपास सारखे, त्यामुळे घोळ होतो. फुलात डोकावून लांब पुंकेसर मोजावेत. देवकांचनात ते बहुधा तीन असतात, रक्तकांचनात पाच. शिवाय रक्तकांचनाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, तर देवकांचनाच्या अरुंद आणि सुट्या.

संक्रांत झाल्यावर फेरी लांबवायची. आता बंगल्यांच्या कुंपणांवर संक्रांतवेल केशरी झालेली असते, इतकी की खालचं पान दिसत नाही. ही मूळची ब्राझीलची. तिकडे तिच्या नळीत हमिंगबर्ड चोच घालतो, इकडे ते काम शिंजीर करतो. पण नीट बघत उभं राहिलं तर लक्षात येतं की तो पुष्कळदा नळीच्या तोंडाशी जातच नाही. बुडाशी चोचीने भोक पाडतो आणि मध पिऊन निघून जातो. परागकणांना हात न लावता! मी एका फाटकासमोर हे बघत बराच वेळ उभी होते. आतल्या आजींनी शेवटी विचारलंच, "कोण हवंय?" सांगितल्यावर त्या स्वतःच बाहेर आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून भोकं पडलेली फुलं शोधली. भरपूर निघाली.

तिथून लॉ कॉलेजच्या मागून टेकडीवर. वेताळ टेकडीचं गवत तोवर वाळून पिवळं झालेलं असतं आणि त्यातून गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या दिसतात. फोटो अप्रतिम येतात. तरी मला या झाडाबद्दल मनापासून आनंद होत नाही. मध्य अमेरिकेतलं हे झाड मुरमाड उतारावर चटकन जगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून वनीकरणात ते सगळीकडे लावलं गेलं. ते मुळांवाटे जमिनीला नत्र देतं हे खरं, पण त्याच्या दाटीत आपल्या झाडोऱ्याला जागा उरत नाही. याच उतारांवर पांगारा, पळस, काटेसावर वाढू शकतात, आणि पाखरांचं भागतं ते त्यांच्यावर.

याचा पुरावा उतरताना समोरच होता. वस्तीच्या कडेला एक जुनी काटेसावर जानेवारीअखेर फुलायला लागली होती. अंगावर पान नाही, नुसती लालभडक, जाड पाकळ्यांची, वाटीएवढी फुलं. साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी, सगळे एकाच झाडावर. आणि भोरड्या! पूर्व युरोप आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे हे गुलाबी-काळे पक्षी थव्याने उतरले, फुलांत डोकी खुपसली आणि कलकलाटाने बाकी सगळे आवाज बुडवले. एक भोरडी अगदी खालच्या फांदीवर होती. फुलातून डोकं वर काढलं तेव्हा तिच्या काळ्या कपाळावर परागाचा पिवळा पट्टा उमटला होता. ते कपाळ घेऊन ती पुढच्या फुलात शिरली. संक्रांतवेलीवरच्या शिंजिराने जे चुकवलं होतं, ते इथे चोख होत होतं.

टेकडीवरच्या पळसाला अजून नुसत्या काळपट, मखमली कळ्या आहेत. त्या फुटायला महाशिवरात्रीचा सुमार उजाडेल. तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. तुम्ही गेलात तर साडेनवाच्या आत झाडाखाली पोचा, ऊन चढलं की पाखरं पांगतात. आणि पायांत बूट घाला, गवतातली कुसळं मोज्यांत घुसली की निघता निघत नाहीत.