मामाचा भोंगा आणि बिट मास्किंग

बिटवाईज ऑपरेटर, म्हणजे संख्येतल्या एकेका बिटवर (० किंवा १ वर) काम करणाऱ्या क्रिया, कॉलेजात शिकवले होते. अँड, ऑर, एक्सॉर, नॉट. चार तक्ते पाठ करायचे आणि पेपरात उतरवायचे. पुढे हिंजवडीत वेब ॲप्लिकेशनचं काम करताना त्यांची आठवण यायची ती फक्त इंटरव्ह्यूच्या तयारीत. तिसरा व्हेरिएबल न वापरता दोन संख्यांची अदलाबदल करून दाखवा, वगैरे. ती एक्सॉरची करामत खऱ्या कामाच्या कोडमध्ये मला कधी दिसलेली नाही, आणि दिसली तर रिव्ह्यूमध्ये अडवीन. असल्या कोड्यांनी विषय कळत नाही. मला तो कळला मामाच्या भोंग्यामुळे.

मामाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. शिफ्टचा भोंगा वॉचमन हाताने वाजवायचा, त्यामुळे जेवणाची सुट्टी त्याच्या मर्जीवर. मामा म्हणाला, "अगं, एवढी कॉम्प्युटर शिकलीस, एक भोंगा वेळेवर वाजवून दे की." तयार टायमर बाजारात मिळतो, हे मी त्याला सांगून पाहिलं. "ते मलाही माहितीये," म्हणाला. विषय संपला.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि डीएस १३०७ चिपचं घड्याळाचं मॉड्यूल आणलं. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं कोड, वापरली असती तर घड्याळ लगेच चाललं असतं, पण मला आत काय चालतं ते बघायचं होतं. म्हणून चिपचं पहिलं रजिस्टर (चिपमधला मेमरीचा छोटा कप्पा), म्हणजे सेकंदांचं, जसंच्या तसं वाचून स्क्रीनवर छापलं. आकडा आला १२८. पुन्हा वाचलं, पुन्हा १२८. घड्याळ ढिम्म.

चिपचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीट, उघडली तर त्या बाइटचा नकाशाच दिला होता. बाइटमध्ये आठ बिट्स. उजवीकडून मोजायचे, आणि शून्यापासून. बिट शून्य ते तीन म्हणजे सेकंदांचा एकक. चार ते सहा म्हणजे दशक. आणि सातवा, सगळ्यात डावीकडचा, याचा सेकंदांशी काही संबंध नाही. तो घड्याळ थांबवायचा बिट. तो १ असेल तर चिपमधला ऑसिलेटर, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा भाग, बंद. चिपला पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा हा बिट १ असतो. १२८ म्हणजे बायनरीत १०००००००. शून्य सेकंद, घड्याळ बंद.

माझ्यासाठी सगळा विषय इथेच फिरला. इतकी वर्षं मी बाइटकडे एक संख्या म्हणून बघत होते. १२८ ही इथे संख्या नव्हतीच. एका बाइटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि प्रश्न एवढाच होता की मला त्यातली कुठली हवी आहे. मास्क म्हणजे हा प्रश्न विचारायची पद्धत. रांगोळीच्या छाप्याला जिथे भोकं असतात तिथेच रंग खाली पडतो, तसं अँडच्या मास्कमध्ये जिथे १ तिथला बिट खाली उतरतो, जिथे ० तिथे शून्य. कोडमध्ये अँडचं चिन्ह &.

सातवा बिट पुसायचा तर बाकीचे सात जसेच्या तसे ठेवायचे, म्हणजे मास्क ०१११११११, दशमानात १२७. वाचलेला बाइट & १२७ करून परत लिहिला आणि घड्याळ सुरू झालं.

सुरू झालं, पण मोजत होतं भलतंच. ७, ८, ९, आणि एकदम १६. मग १७, १८ करत २५, आणि तिथून ३२ वर उडी. ही चिप आकडे बीसीडीमध्ये ठेवते: दशक वेगळा, एकक वेगळा, प्रत्येकाचे बिट्स वेगळे. दहा सेकंद म्हणजे दशकाच्या जागी १ आणि एककाच्या जागी ०, म्हणजे ०००१००००, जे संख्या म्हणून वाचलं की १६ होतं. अठ्ठावन्न सेकंद म्हणजे ०१०११०००, वाचलं तर ८८.

एकक हवा तर & १५, कारण १५ म्हणजे ००००११११. दशक हवा तर आधी सगळे बिट्स चार घरं उजवीकडे सरकवायचे, >> ४, आणि मग & ७. सातच का, पंधरा का नाही? कारण सरकवल्यावर तो थांबवायचा बिटही खाली आलेला असतो, आणि तो १ असेल तर पाचाचे तेरा होतात. पाच गुणिले दहा अधिक आठ, अठ्ठावन्न. वेळ लावताना हेच उलट: (५ << ४) | ८, म्हणजे पाच डावीकडे सरकवून त्याच्या रिकाम्या जागेत आठ बसवायचे. ऑर म्हणजे बसवणं, अँड म्हणजे वेचणं, हे तक्त्यांवरून मला कधी सुचलं नव्हतं.

तासांच्या रजिस्टरमध्ये आणखी एक गंमत आहे. सहावा बिट सांगतो की घड्याळ बारा तासांचं की चोवीस तासांचं. आपलं चोवीसचं, म्हणून & ६३ केलं आणि पुढे गेले.

खरी मजा वारांची. मामाच्या वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी, त्या दिवशी भोंगा नको. शनिवारी दुपारचा भोंगा वेगळ्या वेळी. माझ्या आधीच्या सवयीने मी प्रत्येक भोंग्याला सात खरं-खोटं व्हेरिएबल दिले असते. वेबमध्ये खुशाल देते, अजूनही देईन. तिथे मेमरीसाठी बिट्स मोजणं म्हणजे उगाच शहाणपणा. पण या चिपमध्ये बॅटरीवर टिकणारी मेमरी आहे ५६ बाइट. तास एक बाइट, मिनिटं एक बाइट, सातही वार मिळून एक बाइट. तीन बाइटमध्ये एक भोंगा. ५६ मध्ये असे १८ भोंगे मावतात आणि दोन बाइट उरतात.

रविवार शून्यावा बिट, सोमवार पहिला, असं करत गुरुवार चौथा. १ << ४ म्हणजे १६. सगळे वार चालू म्हणजे १२७. गुरुवार काढायचा तर वार & ~१६. नॉट आधी १६ चा उलटा मास्क करतो, गुरुवार सोडून सगळीकडे १, आणि अँड फक्त गुरुवार पुसतो. उत्तर १११, बायनरीत ०११०११११. गुरुवार परत आणायचा तर वार | १६. तो आधीच चालू असला तरी काही बिघडत नाही. आणि डब्यावर मी एक बटण दिलं, ते दाबलं की तो वार चालूचा बंद, बंदचा चालू. तिथे वार ^ १६. एक्सॉरचा हा उपयोग मात्र मनापासून आवडला.

आज भोंगा आहे का, हे बघताना सी भाषेची जुनी खोड आडवी येते. 'वार & १६ == ०' असं लिहिलं की वाटतं आधी अँड होईल. तसं होत नाही. ==, म्हणजे 'समान आहे का', याला प्राधान्य जास्त, म्हणून आधी '१६ == ०' तपासलं जातं, ते खोटं म्हणजे ०, आणि वार & ० कायम ०. अट कधीच खरी होत नाही. हे असं का, याचं उत्तर सीचे जनक डेनिस रिची यांनी स्वतः दिलं आहे: दोन अटी जोडणारा && सुरुवातीला नव्हताच, & दोन्ही कामं करायचा. && वेगळा काढला तेव्हा तोवर लिहिलेलं कोड मोडू नये म्हणून & चं प्राधान्य तसंच ठेवलं. आपण आता कंस घालत बसायचं. कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवल्या तर तो टोकतो, तेवढं तरी बरं.

रिले उनोच्या आठव्या पिनवर आणि हिरवा दिवा नवव्यावर. आत दोन्ही पोर्ट बीवर, म्हणजे पिना चालू-बंद करणाऱ्या एकाच बाइटवर, शून्यावा आणि पहिला बिट. पोर्टला नुसतं १ दिलं तर भोंगा वाजतो पण दिवा विझतो, कारण त्याच्या बिटमध्ये ० जातो. म्हणून वाजवताना पोर्ट | १, थांबवताना पोर्ट & ~१. शेजाऱ्याला धक्का लागत नाही.

या भानगडीनंतर ऑफिसात रोज टाइप करत असलेल्या गोष्टी वेगळ्याच दिसायला लागल्या. सर्व्हरवर फाइलला ७५५ परवानगी मी कित्येक वर्षं मंत्रासारखी देत होते. ७ म्हणजे १११, वाचा, लिहा, चालवा. ५ म्हणजे १०१, लिहिणं सोडून बाकी दोन्ही. तीन तीन बिट्सचे तीन गट, एवढंच. नेटवर्कमधलं २५५.२५५.२५५.० हेही असंच: आयपी पत्त्याशी त्याचा अँड केला की शेवटचा भाग गळून नेटवर्कचा पत्ता उरतो.

मग मामाला वर्षभराच्या सुट्ट्या हव्या झाल्या. महिन्याच्या ३१ तारखा ३२ बिट्समध्ये बसतात, म्हणजे महिन्याला चार बाइट आणि वर्षाला ४८. घड्याळाच्या चिपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून उनोच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवल्या. तिथे १ केबी आहे. तारखेतून एक वजा करायचा आणि तितकी घरं १ सरकवायचा. १ मे बसला. १५ ऑगस्ट बसला. २६ जानेवारी बसेना, तो कप्पा शून्यच. गंमत म्हणून १६ तारीख घालून पाहिली, तर १६ पासून ३१ पर्यंत सगळी सुट्टी. मामा म्हणाला, "हे कामगारांना दाखवू नकोस."

उनोवर इंट, म्हणजे साधा पूर्णांक, हा १६ बिट्सचा असतो. नुसता '१' लिहिला की तो इंट, मग उत्तर ३२ बिट्सच्या डब्यात ठेवायचं असलं तरी. २५ घरं सरकवला की तो बाहेर पडतो. १५ घरं सरकवला की तो चिन्हाच्या बिटवर जाऊन बसतो, संख्या ऋण होते, आणि ३२ बिट्समध्ये नेताना वरची सगळी घरं १ ने भरतात. एक सुट्टी टाकली की अर्धा महिना मोकळा, तो असा. एकच्या पुढे 'यूएल' लावून त्याला अनसाइन्ड लाँग, म्हणजे चिन्हाचा बिट नसलेला ३२ बिट्सचा पूर्णांक, केलं की दोन्ही तारखा जागेवर येतात. आता जानेवारीच्या कप्प्यात ३,३५,५४,४३२ दिसतं, म्हणजे पंचविसावा बिट, म्हणजे २६ तारीख. दसऱ्याची तारीख दरवर्षी बदलते. ती मामा बटणं दाबून स्वतःच घालतो.