आतून कडी

गणेश चतुर्थीची रात्र होती, 27 ऑगस्ट 2025. आरती झाली, शेजारची पोरं प्रसाद घेऊन पांगली आणि मी जरा आडवा होतोय तोवर भाचीचा फोन. ती मिनियापोलिसला असते. एरवी गणपतीला व्हिडिओ लावून मूर्ती दाखवायला लावते, त्या दिवशी नुसताच आवाज. "मामा, आम्ही सगळे बरे आहोत, हे आधी सांगते." अशी सुरुवात झाली की माणूस उठूनच बसतो.

तिच्या शहरात अनन्सिएशन नावाचं कॅथलिक चर्च आहे, शाळा त्याला लागूनच. शाळा सुरू झाल्याचा पहिला आठवडा, सगळी मुलं सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये बसलेली, आणि एकाने बाहेर उभं राहून खिडक्यांतून आत गोळ्या झाडल्या. 8 आणि 10 वर्षांची दोन मुलं गेली. भाचीची मुलगी दुसऱ्या शाळेत. पण तिच्याही शाळेत या गोष्टीची तालीम होते. दिवे बंद, दाराला कुलूप, कोपऱ्यात चिकटून बसायचं, बोलायचं नाही. सहा वर्षांची पोर आईला सांगते, अंधारात मला हसू येतं, पण हसलं तर सगळे मरतात.

मला रात्रभर झोप नाही. खोटं कशाला सांगू, त्यात धंद्याचाही किडा होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शटर, दारं हेच बावीस वर्षं करतोय. बातम्यांत दोन गोष्टी आल्या त्या डोक्यातून जाईनात. प्रार्थना सुरू झाली की त्या चर्चची दारं आतून बंद करायची पद्धत होती, त्यामुळे जीव वाचले असं तिथल्या पोलिसप्रमुखांनी सांगितलं. आणि दुसरी, मारेकऱ्याने बाजूच्या काही दारांना बाहेरून लाकडी फळी अडकवली होती. म्हणजे त्याला आत जाता आलं नाही आणि आतल्यांना त्या दारांतून बाहेर पडता येऊ नये अशी त्याने सोय केली होती. एकाच दाराच्या दोन बाजू.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. शाळेची किल्ली घेऊन एकटाच गेलो. बेळगाव तालुक्यातलं आमचं गाव, सरकारी मराठी प्राथमिक शाळा, सात खोल्या. मी तिथंच शिकलो, आता दोन वर्षं एसडीएमसीचा, म्हणजे शाळा सुधारणा समितीचा अध्यक्ष आहे. सात दारं तपासली. सातही दारांना बाहेरून दणकट आल्ड्रॉप, म्हणजे कुलूप लावायचा सरकता दांडा, वर कुलूप. आतून? पाच दारांना काहीच नाही. एकाला कडी होती पण कोयंडा गळून पडलेला. एकाला दोरी बांधलेली. शाळा बांधणाऱ्याने बाकं चोरीला जाऊ नयेत एवढाच विचार केला होता. आत पोरं बसणार आहेत हे चौकट बसवताना कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत 14 डिसेंबर 2012 ला 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, त्या शाळेच्या वर्गांची दारंही बाहेरूनच किल्लीने बंद होत होती. पुढे तिथल्या राज्याने नेमलेल्या आयोगाने 2015 च्या अहवालात पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर वर्गाचं दार आतून बंद करता आलं पाहिजे. कुलूप लावलेलं वर्गाचं दार फोडून असा माणूस आत घुसल्याचं एकही उदाहरण नाही, हेही त्यात आहे. एवढा श्रीमंत देश, आणि शेवटी मुद्दा आला तो कडीवर.

मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं तर त्या आधी हसल्या. "अहो अध्यक्ष, आपल्याकडे कोण येतंय बंदूक घेऊन? आपल्याकडे संध्याकाळी बाटल्या घेऊन येतात." खरं होतं. व्हरांड्यात सकाळी बाटल्या मिळतात त्या मीच वेचतो. पण दोन वर्षांपूर्वी एक दारूडा भर तासाला पहिलीच्या वर्गात शिरला होता, कोयता हातात, बायकोला शोधत. बाईंनी त्याला पाणी देऊन, गोड बोलून बाहेर काढलं. तो दिवस मी आठवण करून दिला तेव्हा त्यांचं हसू गेलं. "त्या दिवशी मी दार ढकलून पाठीने धरून उभी होते," म्हणाल्या. आम्हाला हे कधी सांगितलंच नव्हतं.

मग सुरू झालं कागदांचं. इमारत सरकारी, म्हणजे एक खिळा मारायचा तर परवानगी. ठराव केला, अर्ज लिहिला आणि एका ऑफिसात नेऊन दिला. नाव घेत नाही. पंधरा दिवसांनी गेलो तर अर्ज मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवलेला. परत आला असता तरी चाललं असतं, पण ठेवलेला! माझं कन्नड बाजारापुरतं, बोलून भागवतो, लिहायला गेलो की हात अडतो. मुलगा कॉलेजात कन्नड शिकला, त्याने लिहून दिलं. 'आतून कडी' याला कन्नडमध्ये काय म्हणायचं यावर घरात अर्धा तास गेला, शेवटी 'ओळगिन चिलक' लिहिलं. टेबलावरच्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, एवढंच? मी म्हटलं एवढंच. त्या म्हणाल्या, एस्टिमेट लागेल, इंजिनीअर येऊन बघेल. इंजिनीअर काही आला नाही. शेवटी आतल्या बाजूची किरकोळ दुरुस्ती लोकवर्गणीतून करायला हरकत नाही, असं तोंडी सांगण्यात आलं. तोंडी. मी ते समितीच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवलंय.

समितीच्या बैठकीत भलताच वाद झाला. तरुण सदस्यांचं म्हणणं, कड्या कसल्या बसवताय, गेटवर बंदूकवाला वॉचमन ठेवा. आमच्या गावात माजी सैनिक घराघरात, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच. एक सुभेदारकाका आहेत, त्यांच्याकडे लायसनची बंदूक आहे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता काका मिशीला पीळ देणार. काका म्हणाले, "गेटवर बंदूक ठेवलात तर पयली चोरी बंदुकीचीच हुणार. आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते, तवा काय गेटवर काठी घिऊन बसू?" मग थोडं थांबून म्हणाले, "बंदूक असणं येगळं, येळंला पुढं जाणं येगळं गा." मी त्यांना टेक्ससमधल्या युव्हाल्डीचं सांगितलं. 24 मे 2022, 19 मुलं आणि 2 शिक्षिका मेल्या, 376 हत्यारबंद पोलीस जमले आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. त्यात बराच वेळ किल्ली शोधण्यात गेला, आणि ते दार बहुधा लागलेलंच नव्हतं. त्याचं कुलूप नीट बसत नाही हे शाळेला आधीपासून ठाऊक होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. बंदुकीचा विषय तिथंच मिटला.

2025 ची दसऱ्याची सुट्टी राज्यातल्या जातनिहाय सर्वेक्षणामुळे 18 ऑक्टोबरपर्यंत लांबली, शिक्षक घरोघरी फिरत होते आणि शाळा मला रिकामी मिळाली. सातही दारांना आतून जाड टॉवर बोल्ट, म्हणजे सरकत्या कड्या, लावले, पाच फुटांवर. फार खूश होतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाईंचा फोन आला, ग्राइंडर घेऊन या. दुसरीच्या वर्गातला एक कार्टा बाकावर चढला, बोल्ट ओढला, आणि घाबरून बसला. शिक्षिका बाहेर, अठ्ठावीस पोरं आत. आधी खिदळत होती, मग एकाने रडायला सुरुवात केली आणि सगळी रडायला लागली. बोल्ट नवा, घट्ट, त्या चिमुरड्या बोटांनी मागे सरकेना. मी उद्यमबागेतून गाडी कशी मारली मला माहीत. बाहेरून बिजागऱ्या कापून दार काढलं. ठिणग्या बघून आतली पोरं आणखी किंचाळत होती. वीस मिनिटं लागली. दार काढून बाजूला ठेवलं तेव्हा तो कार्टा अजून बाकावरच उभा होता, चड्डी ओली. त्याची आई गेटवर आली होती, मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेची आग आठवली. 16 जुलै 2004, 94 मुलं जळाली, अरुंद जिना आणि बाहेर पडायला एकच वाट. मी एका संकटाला दार बंद केलं आणि दुसऱ्याला उघडून दिलं होतं. आपल्याकडे मुलं आणि भाविक मेले ते जास्त करून आत अडकून, चेंगरून मेले. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 ला जवळपास 300 माणसं गेली, आमच्या गावच्या दोन गाड्या खालीच अडकल्या म्हणून वाचल्या.

मग बसून नीट विचार केला. टॉवर बोल्ट काढले. साडेतीन फुटांवर फिरती कडी केली, दांडा अर्धा फिरवला की लागते, तसाच उलटा फिरवला की सुटते, पहिलीच्या पोराच्या एका हाताने. बाहेरच्या बाजूला दांड्याच्या टोकाला खाच ठेवली, तिच्यात चपटी पट्टी घालून बाहेरून उघडता येते. पट्टी फक्त शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्राला. बाहेरच्या आल्ड्रॉपचं काय? त्याच्याशेजारी उघड्या स्थितीत बसेल असा दुसरा कोयंडा वेल्ड केला. सकाळी शाळा उघडली की कुलूप त्यात लावून टाकायचं. आल्ड्रॉप सरकतच नाही, कुणी बाहेरून फळी, काठी, काही करू दे, त्या कडीचा उपयोग त्याला नाही. शिवाय कुलूप हरवायचं थांबलं, या एका गोष्टीसाठी शिपाईमामा मला अजून चहा पाजतात. सगळे मिळून 11,500 रुपये लागले, मजुरी माझी. दारं बाहेर उघडणारी करायची होती, पण व्हरांडा अरुंद, फक्त टोकाच्या दोन खोल्यांची जमली.

तालमीचा प्रश्न उरला. पोरांना काय सांगायचं? भाचीच्या मुलीचं ते वाक्य माझ्या कानात होतं, बंदूक हा शब्द मला वर्गात नको होता. युक्ती पाचवीच्या गुरुजींनी काढली. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या दडला होता, आजूबाजूच्या 22 शाळा कितीतरी दिवस बंद होत्या. पोरांना ती गोष्ट पाठ आहे, तेव्हा शाळेतही नव्हती तीही सांगतात. तर 'बिबट्या' म्हटलं की आत, कडी, खिडकीखाली, चूप. घंटा सलग वाजली की सगळे बाहेर, ओळीत, मैदानात. 1 डिसेंबर 2023 ला बेंगळुरूच्या कितीतरी शाळांना बॉम्बच्या धमकीचे ईमेल आले होते, ते खोटे निघाले, पण तसं काही आलं तर घंटाच. दोन्ही वेळी एकजण 112 लावणार, कोण ते ठरलेलं. पहिल्या तालमीत चौथीतल्या एका मुलीने विचारलं, बिबट्याला कडी फिरवता येते काय? गुरुजी म्हणाले, त्याला हात नाहीत. ती म्हणाली, मग घोरपडीला?

ठाण्यातले पीएसआय साहेब तालीम बघायला आले. चांगला माणूस, शाळेपेक्षा मागच्या देवळाकडेच जास्त बघत होते. आमच्या लक्ष्मीच्या देवळाला शाळेचीच कंपाउंडची भिंत. त्यांनी सांगितलं, कर्नाटकाच्या 2017 च्या सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्यात शाळाही येते आणि देऊळही, एका वेळी 100 किंवा दिवसात 500 माणसं जमत असतील तर कॅमेरे पाहिजेत, चित्रीकरण 30 दिवस ठेवायचं. पंचांनी माना डोलावल्या. कॅमेऱ्याला कुणाचीच हरकत नसते, देणगीदार लगेच मिळतो आणि त्याच्या नावाची पाटीही लागते. मग साहेबांनी गाभाऱ्यासमोर उभं राहून विचारलं, यात्रेला इथून दोन हजार माणसं आत जातात, बाहेर कुठून येतात? तिथूनच, आम्ही म्हणालो. आणि आत आग लागली, किंवा कुणी दारात उभा राहिला तर? कुणी बोलेना.

दुसरं दार काढायचं ठरायला चार बैठका गेल्या. मागून काढणं सोपं, भिंत मोकळी. पण देवीच्या पाठीला दार कसं? जुन्या पंचांनी कौल लावला, फूल डावीकडे पडलं. मग उत्तरेच्या बाजूला, जिथे सध्या पताकांच्या काठ्या आणि फुटका लाउडस्पीकर ठेवलाय, तिथलं विचारलं. त्या वेळी फूल उजवीकडे पडलं. मी कौलाबिवलाला फार मानणारा नाही, पण त्या दिवशी पुजाऱ्याच्या आधी मीच नारळ फोडला.

भिंत दीड फुटाची, चिऱ्याची, चुन्यात बांधलेली. गवंडी म्हणतो एका दिवसात फुटणार नाही. उंबऱ्याची पायरी नको, हे मी पंचांकडून लिहून घेतलंय, कारण गर्दीत माणूस अडखळतो तो पायरीलाच. रुंदी पाच फूट, दोन पल्ले, दोन्ही बाहेर उघडणारे, आतून ढकललं की सुटणारी आडवी पट्टी. ती पट्टी मला अजून जमलेली नाही, स्प्रिंग मऊ पडते. दुसरी मागवलीय. गुरुवारी लिंटलचं, म्हणजे दारावरच्या तुळईचं, सेंट्रिंग लावतोय.