११ नोव्हेंबर आणि आमच्या चावडीवरची पाटी

मी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात राहते. ११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या तारखेला, इथे सार्वजनिक सुट्टी नसते, आणि ते मला फार योग्य वाटतं. सुट्टी नाही म्हणून शाळा भरते, आणि शाळा भरली की युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होतोच. मुख्याध्यापकांच्या मर्जीवर नाही, प्रांताच्या शिक्षण नियमांत तसं लिहिलेलंच आहे. तारीख शनिवारी-रविवारी आली तर आदल्या शुक्रवारी करायचा. गावातल्या स्मारकापाशी शाळा गेली तरच वेगळा नको.

लेकीच्या शाळेत यंदा पालकांनाही बोलावणं होतं. व्यायामशाळेच्या फरशीवर पोरं मांडी घालून बसलेली. बिगुल वाजला आणि दोन मिनिटं एवढ्या पोरांत कुणी हूं की चूं केलं नाही. मग वरच्या वर्गातल्या दोघींनी या गावातून गेलेल्या सैनिकांची नावं वाचली. एकेक नाव, सावकाश.

मी बेकरीच्या कारखान्यात कामाला आहे. इथे लोक या दिवसांत युद्धात पडलेल्यांची आठवण म्हणून पॉपीचं लाल फूल छातीवर डाव्या बाजूला लावतात. ५ ते ११ नोव्हेंबर कामाच्या जागी ते लावायला मालक मनाई करू शकत नाही, असा कायदा ओंटारियोने २०२० साली केला. सुरक्षेला धोका असेल तेवढीच सूट. आमच्याकडे ती लागू होते, कारण फुलाची टाचणी सरळ असते, सटकून पिठात पडली तर अख्खा लॉट फेकावा लागेल. म्हणून सगळे आपापली फुलं हजेरीच्या यंत्राशेजारच्या बोर्डाला टोचतात. ११ तारखेला सकाळी बरोबर अकराला कारखान्यातला पट्टा थांबतो. तो थांबवायची मालकावर सक्ती नाही, तरी थांबतो. मॅनिटोबा प्रांतात तर त्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी १ बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात.

हे कोकणातल्या आमच्या गावी दादाला फोनवर सांगितलं तर तो उखडला. "७ डिसेंबरला ध्वजदिनाचे झेंडे आमची पोरं लावतात. ३० जानेवारीला अकरा वाजता आम्हीही उभे राहतो. आणि ११ नोव्हेंबरला बऱ्याचदा शाळेला दिवाळीची सुट्टी असते, कार्यक्रम काय भिंतींसमोर करायचा?" त्याचं खरंच आहे. इथे कुणी विचारलं तर मीही तेच सांगते: कोकणात घराघरातून माणसं पलटणीत गेली, बोटीवर गेली, आम्हाला त्यासाठी कायदा लागत नाही.

पण चावडीच्या भिंतीवर संगमरवराची पाटी आहे. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, आकडे. एकही नाव नाही. दरवर्षी चुना मारताना त्या आकड्यांच्या खोबणी बुजत गेल्या. आमच्या भागातले कितीतरी लोक मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांची पलटणीनुसार नुसती संख्या. इंग्रजांचं युद्ध होतं, आपल्याला काय त्याचं, असं गावात म्हणतात. मेलेला माणूस तर आपला होता ना!

नाव उरलं ते माणगावजवळच्या पळसगावच्या यशवंत घाडगेंसारख्याचं. १० जुलै १९४४ ला इटलीत, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. ब्रिटिशांच्या ज्या आठव्या सेनेत ते होते तिच्यातच कॅनडाची फौज लढत होती. लेकीच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे नाव लिहून घेतलं. मला फार अभिमान वाटला. देश सोडून गेलीस, आता गावाला अक्कल शिकवतेस, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथे ती नावं ऐकली नसती तर चावडीवर नावं नाहीत हे मला कधी सललंच नसतं.

तेव्हा गावातल्या सगळ्यांना विनंती. पहिल्या महायुद्धात गेलेल्याच्या घरी ब्रिटिश सरकारने तळहातापेक्षा मोठी, गोल कांस्याची तबकडी पाठवली होती. तिच्यावर मेलेल्याचं नाव उठावात असतं. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फळीमागे बघा. पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या टाकू नका. फोटो दादाकडे द्या. शाळेतल्या गुरुजींशी बोलणं झालंय. सुट्टी संपून शाळा भरेल त्या पहिल्या सकाळी, प्रार्थनेनंतर, जमतील तेवढी नावं ते वाचणार आहेत. आत्तापर्यंत दोन मिळालीत, दोन्ही खालच्या वाडीतली.