तिसरा स्तंभ : सल्फेट खाली का येत नव्हतं

सल्फेट खाऊन त्याचं सल्फाइड करणारे जीवाणू खडी भरलेल्या स्तंभांत वाढवून पाण्यातलं सल्फेट कमी करायचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या तिसऱ्या स्तंभाचा घोळ सुटला. बारा दिवस स्तंभाला पाणी पुरवणाऱ्या टाकीत लिटरला 2000 मिलिग्रॅम सल्फेट आणि बाहेरही जवळपास तेवढंच. जीवाणू मेले असं धरून नवं शेण आणि तळ्याचा काळा चिखल घालायची तयारी झाली होती. त्याआधी एक खडा काढून त्यावर उघड्यावरच पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. काळा थर विरघळला, सडक्या अंड्याचा वास आला. आयर्न सल्फाइडच ते! जीवाणू जोमात आहेत.

चूक हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) हिशेबात होती. सल्फाइड साचून जीवाणूंनाच जाचू नये, लोहाने ते बांधून खाली बसवावं, म्हणून लिटरला 3 ग्रॅम हिराकस टाकत होतो. त्यातून लोह 603 मिलिग्रॅम मिळतं, पण सोबत 1036 मिलिग्रॅम सल्फेटही येतं. टाकीतला नमुना हिराकस घालण्याआधीचा. म्हणजे खरं आत जात होतं 3036, बाहेर 2000. लिटरमागे हजारभर मिलिग्रॅम फस्त होत होतं!

पाण्याचा पीएचही वाढत नव्हता, म्हणजे आम्लता कमी होत नव्हती; त्याचं कारणही हिराकसच. एक मोल सल्फेट खाल्लं की आम्ल मारणारं दोन मोल बायकार्बोनेट मिळतं, पण फेरस लोह सल्फाइड बांधताना दोन मोल आम्ल सोडतं. कमाई तिथेच खर्च.

हिराकस घेताना रंग बघाच. या वेळचं पाकीट पिवळट-तपकिरी निघालं, म्हणजे बरंच लोह हवेने फेरिक (गंजातल्या रूपाचं) झालेलं. ते हायड्रॉक्साइड होऊन खडीच्या फटी बुजवतं आणि आम्लही वाढवतं. हिरवट, कोरडे खडेच घ्यावेत. नमुना लगेच गाळून तपासावा. काळा गाळ हवेत राहिला तर पुन्हा सल्फेट होतो.

पुढे फेरस क्लोराइड वापरायचं ठरत होतं, पण हे लिहितानाच सुचलं : पोलादी लोकर! धातूचं लोह विरघळताना आम्ल खातं, वर हायड्रोजनही देतं, आणि तो या जीवाणूंचं खाद्यच. सल्फेटची भर शून्य. सुतारकामाची जाडसर लोकर साबणाने धुऊन, तेल काढून, खालच्या खडीत सैल पसरायची. बारीक लोकर दबून वाट बंद करते. भांड्यांची स्टेनलेस घासणी चालणार नाही, ती सहज गंजत नाही.

लॅक्टेट (जीवाणूंना देतो ते खाद्य) तेवढंच ठेवून पहिल्या स्तंभात लोकर, तिसऱ्यात हिराकस अर्धी. बाहेरच्या नळीवर सल्फाइडचा वायू पकडणारी झिंक अ‍ॅसिटेटची बाटली कायम, खिडकी उघडी.