दगडी भिंतींच्या घरात वायफाय : माझा अनुभव

आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, जुनं. खालच्या मजल्याच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फुटांच्या आसपास जाड. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी घर गार राहतं ते यांच्याच जिवावर. वायफाय मात्र त्या आरपार जाऊ देत नाहीत. फायबर इंटरनेटवाल्यांनी त्यांचा डबा (राउटर त्यातच असतो) दाराशी, मीटरशेजारी बसवलेला. वरच्या खोलीत लेक अभ्यासाला बसली की तिचा क्लास सारखा अडकायचा.

नवी पेठेतल्या दुकानदाराने सांगितलं, "ताई, एक्स्टेंडर लावून टाका." मला ते पटलं नाही. एक्स्टेंडर हवेतलाच सिग्नल पकडून पुढे पाठवतो आणि साध्या मॉडेलमध्ये वेग निम्म्यावर येतो. जिथे मुळात सिग्नलच मरतो तिथे तो पुढे काय देणार? मी ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा राउटर आणि नेटवर्कची कॅट-६ केबल घेतली. राउटर घेताना खोक्यावर पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) आहेत का ते जरूर बघा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. प्लॅन २०० चा घेतला तरी तारेतून शंभराच्या वर काही मिळत नाही.

केबल जिन्याच्या कडेने वर नेली. गच्चीवरून न्यायची असेल तर बाहेरची काळी केबल घ्या, आपल्याकडच्या उन्हात साध्या केबलचं आवरण तडकतं.

आता खरं काम. दोन्ही यंत्रं राउटर म्हणूनच चालू ठेवली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सहसा सापडत नाही. म्हणून नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच नेटवर्क वर पसरवतो. आधी लॅपटॉप तारेने थेट त्याला जोडून त्याचं पान उघडलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, मोड बदलला. राउटर बंद होऊन परत सुरू झाला आणि केबल त्यात खोचली.

त्यानंतर राउटरचं पान पुन्हा उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, तर समोर फायबरच्या डब्याचं पान! अनेक जण इथेच घाबरून रीसेटची टाचणी शोधायला लागतात. राउटर कुठे गेलेला नसतो. या मोडमध्ये आल्यावर पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, खालचा डबा एकटाच करतो आणि नव्या राउटरलाही तोच एक नवा पत्ता देतो. मी डब्याच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. टीव्ही, दोन-तीन फोन, प्रिंटर, आणि एक बिननावाची ओळ. राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, त्या ओळीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. जुळला! शेजारीच त्याचा नवा पत्ता होता, शेवटचा आकडा १७. तो टाकला आणि पान उघडलं. डब्याच्या सेटिंगमध्ये तोच पत्ता त्या मॅकला कायमचा बांधून टाकला, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको.

पुढचं भराभर झालं. पेठेत घराला घर लागून आहे, शेजाऱ्यांची वायफाय ढिगाने दिसतात. २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ११ सगळ्यात मोकळा दिसला, तो वरच्या मजल्याला दिला, खाली १. वर लेकीला ५ गिगाहर्ट्झ, कारण ती त्याच खोलीत बसते आणि जवळून तो बँड वेगवान असतो. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवली, कारण नुसतं ३ ठेवलं तर मामांचा जुना फोन जोडला जाईना. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद.

लाइट गेली की डबा आणि राउटर दोन्ही चालू राहायला हवेत, त्यासाठी छोटा यूपीएस घेतला. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा.

राहिलं पाहुण्यांचं नेटवर्क. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते आणि प्रत्येकाला घरचा पासवर्ड द्यायचा नव्हता. गेस्ट नेटवर्क चालू केलं, पण अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही मॉडेल पाहुण्यांना घरच्या उपकरणांपासून वेगळं ठेवत नाहीत. म्हणून गेस्टवर फोन जोडून प्रिंटर आणि डब्याचं पान दोन्ही उघडतात का ते पाहिलं. दोन्ही उघडली नाहीत, मग तो पासवर्ड बैठकीतल्या कॅलेंडरवर लिहून टाकला.